पूर येणाऱ्या गावात घराशेजारी मोठं गॅरेज: घरच्यांनी मिळून बांधलेल्या एका वर्कशॉपची गोष्ट

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठचं गाव आहे. गावाचं, माणसांचं नाव घेत नाही, नात्यानंच सांगतो म्हणजे वाचायलाही सोपं जाईल. घरात अण्णा, म्हणजे वडील, फौंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करण्यात आयुष्य गेलेले आणि आता रिटायर. आई. थोरला मुलगा एमआयडीसीत मशीनवर, धाकटा एका कंपनीत ऑफिसात, दोघांची लग्नं झालेली. बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली, तिचे मालक म्हणजे दाजी, त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. आणि एक भाचा आयटीआयला वायरमन ट्रेड करून आलेला. मी सिव्हिलचा, या घराशी जुनी ओळख, ड्रॉइंग मी काढून दिलं आणि मधनंमधनं साईटवर जात होतो, त्यामुळं भांडणं पण बघितली आणि जेवणं पण झोडली.

दोघा भावांना जुन्या गाड्यांचा नाद. एक येझदी, दोन राजदूत आणि एक जुनी जीप, यातलं एका वेळी फार तर एक चालू असतं. ही सगळी जत्रा अंगणात ताडपत्रीखाली, टूल माळ्यावर, पेट्रोलचा वास स्वयंपाकघरापर्यंत. भंगारातनं घेतलेला एक सहा फुटी लेथ घराला टेकवून घातलेल्या पत्र्याच्या पडवीत होता. २०२१ च्या पुरात पाणी त्याच्या बेडच्या वरपर्यंत गेलं, चार दिवस गाळात उभा होता, नंतर बेड घासून घ्यायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात तो लेथच आला असता असं धाकटा अजून म्हणतो. तर या घटनेनंतर ठरलं की आता नीट बांधायचं, एकदाच आणि मोठं.

हवं काय होतं तर २४ बाय ४० फुटांचं शेड, मधे खांब नको, जीप आत घेऊन दोन्ही बाजूनं फिरता आलं पाहिजे, पुढंमागं टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट, बसवायची म्हणून कडेची उंची १४ फूट. जागा गावठाणातलीच असल्यामुळं बिगरशेतीचा घोळ नव्हता, पूररेषा कुठनं जाते ते बघून, नकाशा देऊन परवानगी घेतली, तो भाग सरळ झाला. शेजाऱ्यांचं एकच म्हणणं होतं की तुमच्या पत्र्याच्या पागोळ्या आमच्यात पडायच्या न्हाईत, म्हणून त्या बाजूला पन्हळ आधीच ड्रॉइंगमधे घातली.

खरी अडचण: जोतं किती उचलायचं

पत्रा, लोखंड, साईज यावर कुणाचं फारसं दुमत नव्हतं. सगळं अडलं जोत्यावर.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळी नदी ५५ च्या वर गेली होती. २०२१ ची खूण या घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढून ठेवलीय, अंगणापासून बरोबर अडीच फूट. आता या खुणेचं काय करायचं यावर घरात तीन मतं, आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर.

अण्णांचं म्हणणं, खुणेच्या वर नऊ इंच घ्या, सगळं शेड सव्वातीन फूट उचला, विषय संपला. ऐकायला बिनतोड. पण मग गाडी वर न्यायची कशी? उतार एकास आठ धरला तर सव्वातीन फुटांसाठी २६ फूट लांब रॅम्प लागतो आणि फाटकापासून शेडच्या तोंडापर्यंत जागा होती १८ फूट. उतार कडक केला तर चालू गाडी चढेल, पण वर्कशॉपमधे येणारी गाडी बंदच असते, ढकलायला गल्ली गोळा करावी लागणार. शिवाय भराव. २४ गुणिले ४० गुणिले सव्वातीन म्हणजे ३१ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), तो पण दाबून झाल्यावरचा, सैल मुरूम त्याच्या सव्वापट तरी आणावा लागतो, आणि रॉयल्टीची पावती असलेला मुरूम काही स्वस्त नाही.

धाकट्याचं म्हणणं, दीड फूटच उचला, सगळं एका लेव्हलला ठेवा, ट्रॉली-जॅक इकडून तिकडं फिरला पाहिजे, पायरी आली की वर्कशॉप मेलं. पुराचं काय तर चेन ब्लॉक लावू, पाणी वाढायला लागलं की लेथ वर टांगू. यावर थोरला काही बोलला नाही, फक्त विचारलं की २०२१ ला मी कुठं होतो आठवतंय काय. तो त्या दिवसांत शिरोलीच्या बाजूला अडकला होता, हायवेवर पाणी, घरी यायला रस्ताच नाही. पाऊण टनाच्या आसपासचा लेथ रात्री, लाईट गेलेली असताना, घरात जी दोन माणसं असतील त्यांनी टांगायचा, हे कागदावरच बरं.

तिसरा रस्ता निघाला तो थोरल्या वहिनींच्या एका प्रश्नातनं. त्या चहा घेऊन आल्या होत्या आणि म्हणाल्या, "गाड्या तर पूर यायच्या आधी आपण वरच्या आळीला नेऊन लावतोयच की, मग त्यास्नी उंचावर ठेवायचं कारण काय?" पूर इथं ढगफुटीसारखा अंगावर येत नाही, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, बंधाऱ्याची पातळी चढायला लागली की एकदोन दिवस आधी गावाला अंदाज येतो. तेवढ्या वेळात जे चाकावर आहे ते जातं, बंद असलं तरी दोरी लावून जातं. जे जात नाही ते म्हणजे लेथ, ड्रिल, कंप्रेसर, टूलची कपाटं.

म्हणून शेड दोन पातळ्यांत करायचं ठरलं. पुढचे २६ फूट गाड्यांसाठी, जोतं दीड फूट, त्याला १२ फुटांचा रॅम्प पुरतो आणि फाटक उघडायला जागा राहते. मागचे १४ फूट मशीनसाठी, जोतं सव्वातीन फूट. मधे पावणेदोन फुटांची पायरी, ती सांभाळायला आरसीसीची छोटी भिंत. भराव ३१ ब्रासवरनं २० वर आला. धाकट्याला पायरी सलत होतीच, त्यासाठी छताखालून पुढून मागं जाणारा एक आय-बीम घातला, त्यावर अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक पळतो, जीपचं इंजिन पुढं काढायचं आणि तसंच लोंबकळत मागच्या बाकावर नेऊन ठेवायचं. असला बीम छताच्या कुठल्याही लोखंडी कैचीला वेल्ड मारून टांगता येत नाही, वजन धरून कैच्या जड कराव्या लागतात, लोखंडाचा खर्च वाढला, पण तो भरावात वाचलेल्यातनं निघाला.

मला या सगळ्या प्रकरणात हा निर्णय सगळ्यात भारी वाटतो. कारण तो पूर येईल का नाही यावर उभा नाही, आल्यावर काय हलवता येतं आणि काय नाही यावर उभा आहे.

कुणी काय करायचं

दिवाळी २०२३ झाल्यावर काम सुरू केलं, ठरलेलं असं की मे अखेर वरचं-खालचं सगळं संपवायचं, जूनला पाऊस. हिशेब घरच्यांचा होता की माणसं भरपूर आहेत, मजुरी वाचणार. प्रत्यक्षात थोरल्याची सुट्टी सोमवारी, धाकट्याची रविवारी, म्हणजे दोघं भाऊ एका वेळी साईटवर असायचे ते फक्त अंधार पडल्यावर. दाजींचं दुकान लग्नसराईच्या आधी गेट-ग्रिलच्या ऑर्डरींनी भरलेलं. आणि जानेवारीत ऊसाला तोड आली, कारखान्याची टोळी शेतात उतरली की घरातलं कोण कुठलं बांधकाम बघतंय, आठवडाभर साईटवर फक्त कुत्रं.

तरीपण काही कामं घरच्यांनी अशी केली की पैसे देऊन पण तशी झाली नसती. काळी माती चार फूट, तिच्याखाली मुरूम, म्हणून दहा कॉलमचे खड्डे जेसीबीनं पाच फुटांवर नेले, पण कॉलम उभा राहतो तो खड्ड्यातल्या बोल्टांवर आणि बोल्ट चुकले की मग बेसप्लेटची भोकं लांब करा, तिरकं ओढा, सगळा नंगानाच. अण्णांनी प्लायवूडचे टेम्प्लेट केले, चार भोकं, मधे रेघा, फौंड्रीच्या पॅटर्नला मार्किंग करावं तसं. आणि पारदर्शक नळीत पाणी भरून, बुडबुडा राहिला नाही ना ते दोनदा बघून, घराच्या भिंतीवरच्या त्या पुराच्या खुणेपासनं दहाच्या दहा खड्ड्यांत लेव्हल नेली. एक टोक भाच्याच्या हातात, तो हलला की अण्णा ओरडणार. दाजी कॉलम घेऊन आले तेव्हा दहाही बेसप्लेट एकाही भोकाला हात न लावता बसल्या, दाजींसारखा माणूस पण "मामा, नाद खुळा" म्हणाला.

मुरूम पसरणं पण घरच्यांनीच केलं. ट्रॉली येऊन पडायची, संध्याकाळी सहा-आठ इंचांचा थर पसरायचा, पाणी मारायचं, दुसऱ्या दिवशी भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, कोपऱ्यात जिथं मशीन जात नाही तिथं धुमस. हे काम असं आहे की तीन दिवस कुणी आलं नाही तरी काही बिघडत नाही, पुढच्या वेळी तिथनंच सुरू. विटा वाहणं, गिलाव्यावर पाणी मारणं, कॉलमना रेडऑक्साईड, वायरिंगचे पाइप, सगळं याच जातीतलं. उलट पत्रा चढवणं आणि कोबा ओतणं ही कामं मधे सोडता येत नाहीत. घरच्या माणसांचा वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो, आणि तुकड्यांत होणारं काम कुठलं, एका दमात व्हायलाच पाहिजे असं कुठलं, ही यादी पहिल्या दिवशी करायला पाहिजे होती, ती झाली एप्रिलमधल्या एका संध्याकाळनंतर.

पत्रा आणि वळीव

पाच कैच्या, दहा-दहा फुटांवर, त्यावर पर्लिन, म्हणजे आडव्या पट्ट्या, त्यावर कलर कोटेड पत्रा. कैच्या मार्चमधे चढल्या, दाजी आणि त्यांची दोन पोरं, हायड्रा क्रेन भाड्यानं आणून. पत्रा घालायला एप्रिल उजाडला. दोन दिवसांत सगळा पत्रा वर गेला, पण स्क्रू मारताना वेळ कमी म्हणून एकाआड एक मारत गेले, उरलेले नंतर मारू, म्हणजे निदान सावली तरी झाली. दाजींना दुसऱ्या ठिकाणी ग्रिल बसवायची तारीख दिलेली होती, ते गेले. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी बाजू अजून उघड्या, भिंती सात फुटांपर्यंत आलेल्या, त्याच्या वर मोकळं.

तीनचार दिवसांनी संध्याकाळी वळीव आला. इकडं वळीव कसा येतो ते माहीतच आहे, आधी अर्धा तास धुळीचं वारं, मग पाऊस. मागच्या बाजूचे आढ्याजवळचे दोन पत्रे उचलले गेले. एक परड्यापलीकडच्या उसात गेला, दुसरा शेजाऱ्यांच्या गच्चीवर, त्यांच्या पाण्याच्या टाकीचा पाइप आणि झाकण मोडलं. माणूस कुणी नव्हतं, नशीब.

लोकांचा समज असा की वारं पत्रा वरनं ओढून नेतं. ते खरंच आहे, छपरावरनं वारं जाताना कडेला आणि आढ्याला वर ओढणारा जोर सगळ्यात जास्त असतो. पण टोकं उघडी असली की वारं आत शिरतं आणि आतनं पण ढकलतं, म्हणजे दोन्ही जोर एकाच दिशेला. पूर्ण बंद शेड एका वेळी यातला एकच जोर सोसतं, पूर्ण उघडा मांडव पण बराचसा वाचतो. भिंती अर्ध्या, छप्पर पूर्ण आणि टोकं मोकळी, ही बांधकामाच्या मधल्या काळातली अवस्था सगळ्यात वाईट, आणि तेव्हाच स्क्रू अर्धे.

आता इथं निर्णय फक्त पत्र्याचा नव्हता. दाजी रात्रीच आले, म्हणाले सगळं नुकसान मी देतो. बहीण फोनवर रडायला लागली, सासरी काय म्हणतील. आई म्हणाल्या की जावयाकडनं पत्र्याचे पैसे घ्यायचे असतील तर त्या शेडमधे मी पाय ठेवणार न्हाई. पैसे देऊन ठेकेदार लावला असता तर दोन मिनिटांत वाद झाला असता आणि दोन मिनिटांत मिटला असता, घरचं माणूस असलं की हिशेब कुठं मांडायचा तेच कळत नाही. शेवटी थोरल्यानं ठरवलं, पत्र्याचा आणि टाकीचा खर्च घराचा, दाजी फक्त काम कसं संपवायचं ते सांगतील, आणि वर चढायला दोन रोजाची माणसं, पूर्ण काम होईपर्यंत, रोख पगारावर. दाजींच्या पोरांचा रोज पण तिथनं पुढं दर आठवड्याला चुकता. आधी तो "नंतर बघू" मधे होता आणि ती पोरं दुसरीकडं पळायला ते पण एक कारण होतं, कुणी बोलत नव्हतं एवढंच.

काम असं संपवलं: आधी टोकांचे त्रिकोण बंद केले, मग सगळे राहिलेले स्क्रू, कडेच्या आणि आढ्याच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला एक, रबरी वॉशर दबेल पण फाटणार नाही एवढंच आवळून. धाकट्याला जुन्या पद्धतीचे जे-हुक हवे होते, ते पण धरतात, पण कलर कोटेड पत्र्याला एवढी मोठी भोकं पाडायची म्हणजे गळतीला आमंत्रण, म्हणून नाही घातले. मे मधे आणखी दोन वळीव आले, एक पत्रा हलला नाही.

कोबा

मागचा चौथरा २४ बाय १४, पाच इंच जाडी, म्हणजे साधारण चार घनमीटर काँक्रीट, बत्तीस-तेहतीस पोती सिमेंट. हा कोबा मिक्सर मशीन भाड्यानं आणून घरच्यांनीच एका रविवारी ओतला, थोरल्यानं रजा टाकली, भावकीतली सातआठ पोरं आली. घमेली फिरवायला पोरं कमी पडली नाहीत, कारण दुपारी तांबडा-पांढरा होता. वहिनींच्या वहीत त्या दिवशीच्या मटणाचा आकडा आहे आणि त्याच्या शेजारी मजूर लावले असते तर किती, तो पण आकडा आहे, दोघांत फार फरक नाही. हे हसून सांगतात पण खरं आहे.

पुढचा कोबा वेगळा. २४ बाय २६, जीपचं वजन, जॅक, पुढं कधी लिफ्ट, म्हणून सहा इंच जाड आणि ट्रिमिक्स, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमनं ओढून वरनं मशीननं घोटायचं. लिफ्टचे दोन खांब जिथं येणार तिथं खाली खोल खड्डे करून दहा इंच जाडी आणि जाळी, कारण लिफ्टचे अँकर काँक्रीटच्या जाडीवरच धरतात आणि नंतर फोडून करायचं म्हणजे नवीन कोब्याला भगदाड. हे लिफ्ट घ्यायचे पैसे नसतानाच करून ठेवलं, बरोबर केलं. नऊ घनमीटरच्या आसपास माल, घरच्यांनी मिक्सरवर करायचा विषयच नव्हता, तयार काँक्रीट मागवलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच येत होती, तिथनं शेडपर्यंत पंप. पंपाचं भाडं बघून अण्णांनी ढकलगाड्यांचा आग्रह धरला होता, पण तयार माल दोन तासांच्या आत संपवायचा असतो आणि मे महिन्यात तेवढाही वेळ मिळत नाही. आणि उतार शंभर फुटांना एक फूट या हिशेबानं फाटकाकडं दिला, पुराचं पाणी आलंच तर गाळ झाडून पाइपनं धुऊन बाहेर काढता यावा.

ओतलं ते लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या रविवारी, आमच्याकडं मतदान ७ मे २०२४ ला होतं. ट्रिमिक्सवाल्यानं काम चोख केलं, पण दुसऱ्या दिवशी कटर लावून खाचा मारायच्या होत्या, त्याची माणसं मतदानाला गावाकडं, आली चौथ्या दिवशी. काँक्रीट आवळताना तडकतंच, खाच मारायची ती याचसाठी की ते आपण सांगू तिथं तडकावं. उशीर झाला की ते स्वतःची जागा शोधतं. इथं एक केसासारखी चीर पायरीच्या भिंतीजवळनं तिरकी गेलीय. तिला धोका नाही, पण धाकटा प्रत्येक येणाऱ्याला ती बोटानं दाखवतो.

पाणी मारणं मात्र आईंनी घेतलं, वाळूची आळी करून, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. कुणी म्हणालं सात दिवस बास, तर म्हणाल्या तुमच्या सिमेंटला ऊन माहीत न्हाई. आता या सिमेंटमधे फ्लायअॅश असते, त्याला निदान दहा दिवस लागतातच, त्यामुळं पुस्तकानं पण त्यांचंच बरोबर.

लाईट

हे थोडक्यात. घराला सिंगल फेज, लेथची मोटर दीड एचपी थ्री फेज. नवीन थ्री फेज कनेक्शन घ्यायचं का, का लेथची मोटरच बदलायची, का व्हीएफडी, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. भाच्यानं व्हीएफडी सुचवला, सिंगल फेज आत आणि थ्री फेज बाहेर, वर स्पीड कमीजास्त करता येतो हा फायदा. फक्त तो बाहेर २३० व्होल्टच देतो आणि आपल्याकडच्या एवढ्या मोटरी स्टार जोडणीत ४१५ वर चालतात, म्हणून टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या डेल्टा जोडणीत, म्हणजे २३० वर चालेल अशा, लावाव्या लागल्या. बरेच लोक हे करत नाहीत आणि मग मोटरला दम नाही म्हणून व्हीएफडीला शिव्या देतात. कोबा व्हायच्या आधी पुढंमागं थ्री फेजची केबल जाईल एवढे पाइप जमिनीतनं टाकून ठेवले. सगळे बोर्ड मागच्या चौथऱ्यापासनं चार फूट वर, पुढच्या भागात त्याच उंचीला. दोन अर्थिंगचे खड्डे, मेनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच. काम भाच्यानं केलं पण टेस्ट रिपोर्टला परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, त्यानं येऊन दोन ठिकाणी जोड पुन्हा करायला लावले, भाचा दोन दिवस घुश्शात होता.

काय झालं

जूनच्या पहिल्या पावसाआधी शेड उभं होतं, रंग आणि शटर सोडून. लेथ मागं बसला, जीप पुढं. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, अंगणात पाणी आलं नाही, पण ४३ ओलांडल्यावर घरच्यांनी गाड्या वरच्या आळीला हलवल्या, बंद राजदूतसुद्धा, सरावच झाला म्हणायचं. म्हणजे ५५ च्या वरच्या पुराची परीक्षा अजून या शेडनं दिलेली नाही आणि मधली पायरी बरोबर होती का ते तेव्हाच कळेल. तेवढं पाणी परत आलं तर पुढच्या भागात फूटभर राहणार हे धरूनच बांधलंय.

पैशाचं म्हणाल तर घरच्यांच्या हातांनी जेवढे वाचतील असं वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाचले. सगळ्यात मोठा खर्च लोखंड आणि पत्र्याचा, त्याखाली काँक्रीट, आणि या दोन्हीत कितीही भावकी गोळा केली तरी दर बदलत नाही. वाचलं ते भराव पसरणं, वायरिंग, रंग आणि अण्णांच्या टेम्प्लेटमधे. पायरीचा निर्णय मात्र मजुरीच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त वाचवून गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात पहिलं म्हणजे भराव. काळ्या मातीवर मुरूम टाकून तो कितीही धुमसला तरी एक पावसाळा खाल्लेला भराव वेगळाच बसतो. इथं पैसे नोव्हेंबरला मोकळे झाले म्हणून तेव्हा सुरू केलं, पण जोत्याची भिंत आणि मुरूम एवढंच एप्रिल-मेमधे करून एक पावसाळा तसंच सोडलं असतं तर पायरीजवळची ती चीर कदाचित आली पण नसती, खाचा उशिरा मारूनसुद्धा. घरच्या माणसांच्या वेळेला पण हे सोयीचं, कारण भराव हे तुकड्यांत होणारंच काम आहे.

पत्रा टोकं बंद केल्यावर चढवायचा, हा क्रम उलटा करायला एक पैसा जास्त लागला नसता. आणि तो एप्रिलवर न्यायचाच नव्हता, कैच्या फेब्रुवारीत चढू शकत होत्या, ऊस आडवा आला. तोडीची तारीख कुणाच्याच हातात नसते, पण ती जानेवारी ते मार्चमधे कधीतरी येणार हे दरवर्षी माहीत असतं.

नात्यातल्या माणसाच्या कामाचं काय, यावर माझं मत घरातल्या काहींना पटलेलं नाही. माझं म्हणणं, दाजींना पहिल्या दिवशी ठरवून रक्कम द्यायची होती, बाजारापेक्षा कमी असू दे, पण ठरलेली. त्यांची पोरं, डिस्क, रॉड, हायड्राचं डिझेल हे सगळं त्यांच्या खिशातनं जात होतं आणि ते मागत नव्हते. आईंचं म्हणणं, जावयाला पैसे दिले असते तर तो ठेकेदार झाला असता आणि रात्री धावत आला नसता. दोन्ही बाजू मला आता दिसतात, पण पोरांच्या पगाराबाबत तरी माझंच बरोबर होतं.

कटरवाल्याबाबत एवढंच, की ट्रिमिक्स ठरवतानाच खाचा कोण, कुठल्या दिवशी, किती वाजता मारणार ते लिहून घ्यायचं, आणि त्या आठवड्यात मतदान, जत्रा, लग्नाची तिथी काय आहे ते कॅलेंडरवर बघायचं. मतदानाची तारीख मार्चमधेच जाहीर झाली होती.

कंप्रेसरचा आवाज शेजाऱ्यांना होतो, तो मागच्या भिंतीबाहेर विटांच्या खोक्यात घालायचं ठरलंय, वरनं हवा जायला जागा ठेवून, पण तिथं त्याचं जोतं पण सव्वातीन फूटच लागणार म्हणून विटा अजून तशाच पडून आहेत. थ्री फेजचा अर्ज भरलेला आहे. लिफ्टसाठी धाकटा जुन्या मालाच्या शोधात आहे, आणि दोघा भावांच्या सुट्ट्या अजून वेगवेगळ्या दिवशीच येतात.